अर्धसमूहाची पूर्ण गोष्ट



या अंकात निकाल, स्नेहसंमेलन आणि नवीन वर्गखोल्या यांबद्दल इतर सहकाऱ्यांनी लिहिले आहेच. मी आज गणिताबद्दल लिहिणार आहे, आणि तेही गणिताच्या अशा एका कोपऱ्याबद्दल की ज्याचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले नसेल. घाबरू नका. सहावीतल्या मुलाला येणाऱ्या बेरीज-गुणाकारापलीकडे या लेखात काही लागणार नाही. कागद-पेन्सिल जवळ असली तर बरे.

निमित्त सांगते. मागच्या पालक सभेत सातवी-आठवीच्या काही पालकांनी विषय काढला. ‘‘मॅडम, क्रमविनिमेयता, साहचर्य, तत्समक, प्रतिलोम हे गुणधर्म पाठ करण्यात मुलांचे आठ-दहा दिवस जातात. पेपरात त्यावर एखादा छोटा प्रश्न येतो. त्यापेक्षा तेवढे दिवस सराव परीक्षा घ्या ना.’’ मागणी रागाने केलेली नव्हती. मुलांच्या काळजीपोटीच होती. एक-दोन विश्वस्तांनीही मान डोलावली. माझे म्हणणे मी तिथे थोडक्यात सांगितले, पण चहा येईपर्यंतच्या पाच मिनिटांत ते मावण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख.

पालकांची निम्मी तक्रार मला मान्य आहे. ‘अ अधिक ब बरोबर ब अधिक अ’ हे पोपटासारखे म्हणायला लावण्यात आठ दिवस काय, आठ मिनिटेही घालवू नयेत. पण पाठ करणे बंद करणे वेगळे आणि ती गोष्टच काढून टाकणे वेगळे. त्या चार नावांतले एक नाव असे आहे की बाकीची तिन्ही गेली, तरी त्या एकट्याच्या आधारावर गणिताची एक मोठी इमारत उभी राहते. ते नाव म्हणजे साहचर्य.

साहचर्य म्हणजे कंसांचे स्वातंत्र्य. तीन संख्यांची बेरीज करायची आहे. आधी पहिल्या दोन मिळवा किंवा आधी शेवटच्या दोन मिळवा, उत्तर तेच. म्हणून आपण ४ + ७ + ५ असे बिनधास्त, कंसाशिवाय लिहितो. वजाबाकीत ही मुभा नाही. १० मधून ५ वजा करून मग २ वजा केले तर ३ उरतात. पण आधी ५ मधून २ वजा केले आणि आलेले ३ दहातून काढले तर उरतात ७. भागाकाराचे तसेच. २४ ला ४ ने आणि मग २ ने भागले तर ३. आधी ४ ला २ ने भागले आणि त्या २ ने २४ ला भागले तर १२.

इथे मुले एक गोंधळ करतात, आणि खरे सांगायचे तर मोठेही करतात. क्रम बदलणे आणि कंस बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगड-कागद-कात्री हा खेळ घ्या. दोघांची गाठ घातली की जिंकणारा उरतो, आणि कोण डावीकडे, कोण उजवीकडे याने फरक पडत नाही. म्हणजे क्रमाची अट नाही. आता तिघांना ओळीत उभे करा: दगड, कागद, कात्री. आधी दगड-कागद यांची गाठ घातली तर कागद उरतो, आणि मग कात्री त्याला कापते. शेवटी कात्री जिंकली. आता आधी कागद-कात्री यांची गाठ घाला. कात्री उरते आणि दगड तिला ठेचतो. शेवटी दगड जिंकला! ओळ तीच, खेळाडू तेच, फक्त कंस सरकला. जिथे साहचर्य नसते तिथे सामन्यांची जुळणी कोण ठरवतो यालाच सगळे महत्त्व येते.

उलट उदाहरण शब्दांचे. ‘पाणी’, ‘पुरवठा’, ‘विभाग’ हे तीन शब्द एकामागे एक जोडा. आधी पहिले दोन जोडा की नंतरचे दोन, अक्षरांची माळ एकच होते. पण ‘पाणीपुरवठा’च्या जागी ‘पुरवठापाणी’ चालणार नाही. इथे साहचर्य आहे, पण क्रमाची मुभा नाही. गंमत अशी की अक्षरांना साहचर्य असले तरी अर्थाला ते असेलच असे नाही. आमच्या हिंदीच्या गुरुजींचे आवडते उदाहरण होते: ‘रोको मत जाने दो’. स्वल्पविराम ‘रोको’नंतर दिला तर माणूस अडकला, ‘मत’नंतर दिला तर सुटला. स्वल्पविराम म्हणजे भाषेतला कंसच की! मराठीतही ‘जुनी पुस्तके विक्री केंद्र’ अशी पाटी दिसली की पुस्तके जुनी की केंद्र जुने, असा प्रश्न मला पडतोच.

आता विश्वस्तांच्या कामाचे एक उदाहरण देते. एका वर्गाच्या दोन तुकड्या आहेत. पहिलीत ४० मुले, सरासरी ६० टक्के. दुसरीत १० मुले, सरासरी ९० टक्के. दोन्हींची मिळून सरासरी किती? ६० आणि ९० यांच्या मधला आकडा ७५, असे उत्तर मी कित्येक अहवालांत छापलेले पाहिले आहे. पण ४० गुणिले ६० म्हणजे २४००, १० गुणिले ९० म्हणजे ९००, एकूण ३३००, भागिले ५०. खरे उत्तर ६६. नऊ टक्क्यांचा फरक! कारण ‘सरासरी काढणे’ या क्रियेला साहचर्य नाही. ४, ८, १२ घ्या. ४ आणि ८ ची सरासरी ६, तिची १२ शी सरासरी ९. उलट ८ आणि १२ ची सरासरी १०, तिची ४ शी सरासरी ७. तीन संख्यांची खरी सरासरी ८, ती दोन्ही वाटांनी मिळाली नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक तुकडीने सरासरी पाठवू नये. दोन आकडे पाठवावेत: गुणांची बेरीज आणि मुलांची संख्या. पहिली तुकडी (२४००, ४०), दुसरी (९००, १०). जोड्या सरळ मिळवायच्या, (३३००, ५०). या क्रियेला साहचर्य आहे. कोणी कोणाचे आधी मिळवले याने बिघडत नाही, आणि भागाकार शेवटी एकदाच करायचा. जनगणनेत गावाचे आकडे तहसिलीत, तहसिलीचे जिल्ह्यात, जिल्ह्याचे राज्यात मिळवले जातात आणि तरी बेरीज चुकत नाही ती याच कारणाने. २००४ साली गूगलमधील जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी प्रचंड माहितीचे काम हजारो संगणकांत वाटून करण्याची ‘मॅपरिड्यूस’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक संगणकाने आपापल्या हिश्श्याची आधीच बेरीज करून ठेवण्याची सोय आहे, आणि ती सोय कधी वापरता येते? ती क्रिया क्रमाची आणि कंसाची बंधने पाळत नसेल तेव्हाच. म्हणजे आपल्या सातवीच्या पुस्तकातले तेच दोन गुणधर्म.

आता शब्दाकडे येते. एक संच घ्या. त्यावर अशी एक क्रिया घ्या की दोन घटक दिले तर उत्तर त्याच संचात मिळते, आणि त्या क्रियेला साहचर्य आहे. बस, एवढ्यालाच इंग्रजीत ‘सेमीग्रुप’ म्हणतात. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. खजुरी बाजारातून घेतलेल्या हिंदी पुस्तकात त्याला ‘अर्धसमूह’ म्हटले होते. ग्रुप म्हणजे ‘समूह’. मराठी पुस्तके ग्रुपला ‘गट’ म्हणतात, त्या चालीवर अर्धगट म्हणायलाही हरकत नाही. घरी मराठी, वर्गात हिंदी आणि आता कार्यालयात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरल्यामुळे मला हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहायची सवय लागली आहे. हिंदीतले ‘क्रमविनिमेय’ जड वाटते, मराठीतले ‘क्रमनिरपेक्ष’ ऐकताच कळते. ‘तत्समक’ला मराठीत ‘अविकारक’ म्हणतात, म्हणजे विकार न करणारा, जसा बेरजेत शून्य आणि गुणाकारात एक. ‘प्रतिलोम’ला आपण ‘व्यस्त’ म्हणतो. ‘साहचर्य’ मात्र दोन्हीकडे साहचर्यच.

समूहाला अविकारकही लागतो आणि प्रत्येक घटकाला उलटवणारा व्यस्तही लागतो. म्हणजे समूहात केलेले प्रत्येक काम पुसता येते. पाच मिळवले, तर उणे पाच मिळवून परत जागेवर. अर्धसमूहाकडे अशी हमी नाही. म्हणून पुस्तकात अर्धसमूहाला अर्धे पान मिळायचे, समूहाच्या पायरीवर एक पाऊल टेकवण्यापुरते. त्या ‘अर्ध’मुळे तो बिचारा अर्ध्या तिकिटाचा प्रवासी वाटतो. पण अर्ध्या तिकिटाचा प्रवासीही त्याच गाडीने जातो, आणि खिडकीची जागा बहुधा त्यालाच मिळते.

हे नाव पहिल्यांदा छापले गेले १९०४ साली, फ्रेंच गणिती द सेगिये यांच्या पुस्तकात. त्यांची व्याख्या आजच्याहून थोडी कडक होती. नंतर बरीच वर्षे या विषयाकडे फारसे कोणी वळले नाही. त्यात मन घालून काम करणारे पहिले गणिती आंतोन सुश्केविच. ते बर्लिनमध्ये शिकले, पुढे व्होरोनेझ आणि खारकीव्ह येथे शिकवत राहिले. १९२८ मध्ये त्यांनी एका जर्मन नियतकालिकात लेख लिहिला. त्याचा विषय असा की व्यस्ताची अट काढून टाकली तर सांत समूहाचे काय उरते? १९३७ मध्ये खारकीव्हमध्ये त्यांचे पुस्तकही निघाले. त्यांच्या उत्तराचा गाभा असा की अशा प्रत्येक सांत रचनेच्या पोटात खोलवर एक गाभा असतो, आणि तो गाभा एकसारख्या समूहांचा बनलेला असतो. वरून नियम सोडले तरी आत शिस्त सापडते.

पुढची नावे वाचताना मला नेहमी आश्चर्य वाटते. १९४० मध्ये डेव्हिड रीस या वेल्समधील तरुणाने सुश्केविच यांच्या वाटेवरचे प्रमेय पुष्कळ पुढे नेले. त्या काळात ते इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मनांच्या गुप्त संदेशांची उकल करणाऱ्या मंडळींत होते. १९५१ मध्ये अर्धसमूहातले घटक कसे वेगळे करून पाहावेत याची कायमची पद्धत देणारे जेम्स अलेक्झांडर ग्रीन, तेही तिथलेच. अमेरिकेचे आल्फ्रेड क्लिफर्ड यांच्याबरोबर या विषयाचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ (१९६१ आणि १९६७) लिहिणारे गॉर्डन प्रेस्टन, तेही ब्लेचलीचे. तिघांचाही एकाच युद्धकार्यालयाशी संबंध आणि तिघांनाही अर्धसमूहांचे वेड! यातून मी काही सिद्धांत काढत नाही, फक्त योगायोग नोंदवते.

बरे, नियम सोडल्याने काय फरक पडतो हे आकड्यांत पाहा. दोनच चिन्हे घेतली तर क्रियेचे तक्ते १६ बनतात. त्यांतल्या ८ तक्त्यांत साहचर्य असते. तीन चिन्हे घेतली तर तक्ते १९,६८३, आणि साहचर्य फक्त ११३ मध्ये. म्हणजे साहचर्य काही स्वस्त नाही. तीन चिन्हांच्या एका तक्त्यात ते आहे की नाही हे ठरवायला २७ वेळा कंस सरकवून पाहावे लागते. तरीसुद्धा घटक वाढले की संख्या अशी फुगते की विचारू नका. आठ घटकांचे समूह, नावे बदलल्याने होणारा फरक न धरता, जगात पाचच आहेत. आठ घटकांचे अर्धसमूह, आरशातल्या प्रतिमाही एकच धरल्या तरी, १८४ कोटी ३१ लाख २० हजार १२८. ही मोजणी १९९४ मध्ये जपानी गणितींनी संगणकाच्या मदतीने केली. दहा घटकांची मोजणी २०१२ मध्ये पूर्ण झाली, ती संख्या वीस आकडी आहे. आणि दहा घटकांचे समूह? दोन. व्यस्ताची आणि अविकारकाची अट किती कडक आहे हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगू?

पण ही गर्दी निरुपयोगी नाही, कारण आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी पुसता येत नाहीत. चहा कपात ओतला की तो निवत जातो. पाच मिनिटे निवणे आणि मग तीन मिनिटे निवणे म्हणजे आठ मिनिटे निवणे, मधे कंस कुठेही टाका. पण उणे तीन मिनिटे निवणे असे काही नसते. उष्णता पसरण्याच्या अशा क्रियांचे गणित अर्धसमूहांच्या भाषेत बसवणारे मूळ प्रमेय १९४८ मध्ये अमेरिकेतील आयनार हिले आणि जपानमधील कोसाकू योसिदा यांनी वेगवेगळे शोधले. आज ते दोघांच्या नावाने ओळखले जाते.

यंत्रांचेही तसेच. वर्गातल्या पंख्याचा रेग्युलेटर पाहा. ‘दोनवर ठेव’ आणि मग ‘चारवर ठेव’ म्हणजे ‘चारवर ठेव’. शेवटचा हुकूम तेवढा लागतो, आधीचा विसरला जातो. ‘दोनवर ठेव’ हा हुकूम उलटवता येत नाही, कारण त्याआधी पंखा कितीवर होता हे रेग्युलेटरला माहीत नाही. १९६५ मध्ये केनेथ क्रोन आणि जॉन रोड्स यांनी दाखवले की मर्यादित स्थितींचे कोणतेही यंत्र दोनच प्रकारच्या भागांतून उभारता येते. एक, काहीही न विसरणारे भाग, म्हणजे समूह. दुसरे, शेवटचा हुकूम तेवढा धरून ठेवणारे हे साधे रेग्युलेटर. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सुंदर प्रमेयांपैकी हे एक आहे, आणि ते शाळेपर्यंत पोहोचत नाही याची मला खंत आहे.

आता मुलांनो, पेन्सिल घ्या. हा माझा सर्वांत आवडता भाग आहे.

० ते ९ हे दहा अंक घ्या. दोन अंकांचा गुणाकार करा आणि फक्त एकक स्थानचा अंक ठेवा. ७ × ८ = ५६, म्हणून उत्तर ६. साध्या गुणाकाराला साहचर्य असल्यामुळे यालाही आहे. म्हणजे हा दहा घटकांचा अर्धसमूह झाला. समूह नाही, कारण ० ने गुणले की सगळे पुसले जाते आणि परतीची वाट नाही.

यात २ ला २ ने गुणत जा. २, ४, ८, ६ आणि पुन्हा २. हे चार अंक आपापसांत फिरत राहतात, बाहेर जात नाहीत. आता ६ कडे नीट पाहा. ६ × २ = १२, उत्तर २. ६ × ४ = २४, उत्तर ४. ६ × ८ = ४८, उत्तर ८. ६ × ६ = ३६, उत्तर ६. म्हणजे या घरात ६ हाच ‘एक’ आहे! खरा १ या घरात नसतोच, पण त्याचे काम ६ चोख करतो. व्यस्तही आहेत. २ × ८ = १६, उत्तर ६, म्हणून २ आणि ८ एकमेकांना उलटवतात. ४ स्वतःला स्वतःच उलटवतो. म्हणजे २, ४, ६, ८ मिळून एक अस्सल समूह झाला, अर्धसमूहाच्या पोटात दडलेला.

दुसरे घर १, ३, ७, ९ यांचे. ३ ला ३ ने गुणत जा: ३, ९, ७, १. इथला ‘एक’ म्हणजे नेहमीचाच १. उरले ५ आणि ०, ते आपापल्या घरात एकेकटे. ५ × ५ चे उत्तर ५, ० × ० चे ०. दहा अंक, चार घरे, कोणीही बेघर नाही. क्लिफर्ड यांनी १९४१ मध्ये ज्या अर्धसमूहांची पूर्ण रचना सांगितली ते नेमके हेच: प्रत्येक घटकाला आपापल्या घरातला एक आणि आपापल्या घरातला व्यस्त.

घराघरांतले रस्तेही पाहण्यासारखे आहेत. विषम घरातल्या कोणालाही ६ ने गुणले की तो समोरच्या सम घरात जातो. १ चा ६ होतो, ३ चा ८, ७ चा २ आणि ९ चा ४. पण परत येता येत नाही, कारण सम अंकाला कशानेही गुणले तरी विषम मिळत नाही. सम घरातल्याला ५ ने गुणले तर थेट ०. घराच्या आत सगळे उलटवता येते, घर ओलांडले की दार मागून बंद.

हे सगळे पाहायला काय लागले? पाढे आणि थोडा निवांतपणा. एका तासात आठवीचा वर्ग ही चारही घरे शोधतो. मी शिकवून पाहिले आहे. त्या तासानंतर ‘साहचर्य म्हणजे काय’ हा प्रश्न परीक्षेत आला तर उत्तर पाठ करावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, मुलांपेक्षा पालकांना. असे गणित कुठेतरी युरोप-अमेरिकेत चालते, आपण हिंदी-मराठीवाले त्यात कुठे बसतो, असा एक सूर मला आपल्या समाजात ऐकू येतो. या विषयात जगभर ज्यांचे नाव घेतले जाते असे एक गणिती केरळचे होते. के. एस. एस. नंबुद्रीपाद, जन्म १९३५, निधन २०२०. ज्या अर्धसमूहात प्रत्येक घटकाला निदान एक प्रकारचा सैल व्यस्त तरी सापडतो, अशांची रचना त्यांनी उलगडली. ते काम १९७९ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने स्वतंत्र ग्रंथरूपात प्रसिद्ध केले. घटकांना लहान-मोठे ठरवण्याची त्यांची एक पद्धत आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हे सगळे त्यांनी तिरुवनंतपुरममध्ये राहून केले, आणि उतारवयात मोकळ्या संगणकप्रणालींच्या प्रसारासाठीही ते झटले. आपल्या घरातल्या मुलीने किंवा मुलाने उद्या असे काही करायचे ठरवले तर तिला घरची भाषा आड येणार नाही. ‘हे मार्कांत येत नाही’ असे सांगून आपणच दार लावले, तर ते मात्र आड येईल.

म्हणून माझा निर्णय असा. गुणधर्मांचे दिवस कमी होणार नाहीत. पाठांतर मात्र थांबेल. गणिताच्या शिक्षकांशी बोलून असे ठरवले आहे की सहावीत दगड-कागद-कात्री आणि लसावि-मसावि यांवरून साहचर्य तपासायचे, सातवीत सरासरीचे उदाहरण करायचे, आणि आठवीत एकक स्थानाचा तक्ता भिंतीवर लावायचा. सराव परीक्षा पूर्वीप्रमाणेच होतील, त्यांचे वेळापत्रक या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. विश्वस्तांना एक विनंती आहे. वार्षिक अहवालासाठी तुकड्यांकडून टक्केवारी मागवण्याऐवजी यंदापासून गुणांची बेरीज आणि विद्यार्थीसंख्या अशा दोन रकान्यांचा तक्ता मागवावा. तसा नमुना मी कार्यालयात ठेवला आहे.

आणि मुलांसाठी कोडे. आता एक अंक नको, शेवटचे दोन अंक ठेवा. म्हणजे ०० ते ९९ असे शंभर घटक. पहिला प्रश्न: स्वतःने स्वतःला गुणले असता न बदलणारे चार घटक आहेत. ०० आणि ०१ तर मी सांगूनच टाकते, उरलेले दोन शोधा. दुसरा प्रश्न अवघड आहे. एक अंक ठेवला तेव्हा कोणी बेघर नव्हते. इथे मात्र आहेत. १० ला १० ने गुणले की ०० येतो, आणि मग १० पुन्हा कधीच सापडत नाही. ०२ ला ०२ ने गुणत जा. एकविसाव्या गुणाकाराला ०४ पुन्हा भेटेल, पण ०२ भेटणार नाही. असे परत न येणारे आणखी कोण कोण आहेत, आणि ते ओळखायची खूण कोणती? उत्तरे वहीच्या पानावर नाव-वर्ग लिहून गणिताच्या शिक्षकांकडे द्यावीत. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, इंग्रजीत लिहा, कंस मात्र जागच्या जागी असू द्या.